तीन नंबरची जागा

अबिगेल टूटू, म्हणजे साऱ्या गावाची आजी, सोमवारी सकाळी दुकानात दूध घ्यायला आली ती पिवळा शर्ट घालून. बस्स, एवढंच केलं तिनं. पण होनोपुआच्या खाडीवर पिवळा शर्ट म्हणजे पलीकडचा होड्यांचा क्लब, आणि अलीकडचा लाल शर्टाचा क्लब तर खुद्द टूटूनं आणि तिच्या नवऱ्यानं उभा केलेला. म्हाताऱ्याच्या हयातीतच त्याचा चुलतभाऊ क्लेमेंट भांडून पलीकडे गेला, आणि भांडण कशावरून, तर शर्टाच्या रंगावरून. तेव्हापासून दोन्ही घरांत लग्नाकार्यापुरतं बोलणं. आता त्याच घरातली थोरली बाई, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पिवळ्या शर्टात दुधाचा डबा काखेत मारून सगळ्यांची विचारपूस करत फिरते म्हटल्यावर गावाला आणखी काय हवं? दुपारपर्यंत पोस्टातल्या बाईपासून पेट्रोलपंपावरच्या माणसापर्यंत सगळ्यांनी एल्रॉयला गाठून विचारलं, की काय रे, आईला जेवायला घालत नाहीस का?

एल्रॉय तिचा थोरला मुलगा आणि लाल क्लबाचा अध्यक्ष. माणूस नाकासमोर चालणारा, पण नाकाच्या पलीकडचं त्याला फारसं दिसायचं नाही. मे महिन्यात सरावाच्या वेळी टूटूनं होडी थेट वळणावर तरंगणाऱ्या बोयावर घातली, तेव्हा त्यानं बहीणभावांना विचारून आईची तांडेलकी काढून घेतली. काढून घेतली असं अर्थात कुणी म्हटलं नाही. तिला मानद सल्लागार केलं, गळ्यात फुलांची माळ घातली आणि किनाऱ्यावरच्या तंबूत सावलीला आरामखुर्ची मांडून दिली. टूटू त्या खुर्चीत सरावाचा एक शनिवार बसली. लोक येत होते, गालाला गाल लावत होते आणि हळू आवाजात बोलून जात होते. जिवंतपणीच दर्शनाला ठेवलंय मला, असं ती नंतर म्हणाली. पुढच्या शनिवारी खुर्ची रिकामी होती.

हे सगळं एल्रॉयच्या बायकोला, मापुआनाला, पहिल्यापासून ठाऊक होतं. खरं तर तिला इतरांपेक्षा बरंच जास्त ठाऊक होतं. म्हणून तर रविवारी सगळं घर जेवायला जमलं, तरी ती ओव्हनचे जाड हातमोजे काढायला तयार नव्हती.

गॅरेजमधल्या गाड्या बाहेर काढून लांब टेबलं मांडली होती. टूटू यायच्या आधी काय बोलायचं ते ठरवून घेऊ, म्हणून एल्रॉयनं सगळ्यांना तासभर आधीच बोलावलं होतं. घाई करण्यासारखंच होतं. या शनिवारी मोसमातली पहिली शर्यत. जो ज्या क्लबाकडून पहिली शर्यत खेळेल तो सबंध मोसम त्याच क्लबाचा, हा नियम. म्हणजे शनिवारी टूटू एकदा पिवळ्यांच्या होडीत बसली, की वर्षभर या घराला तोंड लपवून फिरायचं.

एल्रॉयचं म्हणणं, आईची माफी मागू, पाया पडू, वाटेल ते करू, फक्त सुकाणू सोडून. त्याची बहीण रोझेलानी म्हणाली की सुकाणूचं नावच काढायचं नाही. आईनंतर सहा नंबरच्या, म्हणजे सुकाणूच्या, जागेवर आता ती स्वतः बसत होती, बायकांना शिकवतही तीच होती, आणि ती जागा मिळायला तिला पन्नाशी गाठावी लागली होती. धाकटा डार्नेल कधी याच्याकडे मान हलवायचा, कधी तिच्याकडे. तो लहानपणापासून जिकडे ताट तिकडे पाट असाच, आणि आज ताट एल्रॉयच्या घरचं होतं.

मापुआना चुलीपाशी उभी राहून रस्सा ढवळत होती. गोमांसाचा, बटाटे-गाजरं घातलेला, तिच्या माहेरचा दाट रस्सा. ती वाइमेआच्या माळावरची, गुराख्यांच्या घरातली. चालायला लागायच्या आधी घोड्यावर बसली असेल, पण समुद्राशी संबंध म्हणाल तर मासे खाण्यापुरता. नवी नवरी म्हणून या किनाऱ्यावर पहिल्यांदा आली, तेव्हा वाळूत म्हाताऱ्याची कोआ लाकडाची होडी ठेवलेली होती. पलीकडून कुणीतरी हाक मारली. मापुआनानं वळसा कशाला घ्यायचा म्हणून लहानपणापासूनच्या सवयीनं, घोड्यावर टांग टाकावी तशी, टांग टाकली आणि होडी ओलांडून पलीकडे गेली.

सबंध किनारा वळून तिच्याकडे बघू लागला. होडीला इथं घरातल्या थोर माणसासारखं वागवतात. तिच्याजवळ शिवी देत नाहीत, तिच्यात केळं नेत नाहीत, आणि ओलांडणं तर, झोपलेल्या आजोबांना ओलांडून कुणी जाईल का? मापुआनाला त्या दिवशी वाटलं, वाळूनं आपल्याला पोटात घेतलं तर बरं. संध्याकाळी सासूनंच येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. "पोरी, तुझ्या हाताला चव आहे," सासू म्हणाली होती. "आजपासून तंबू तुझा." त्या शब्दांनी मापुआनाला केवढा धीर आला होता. ती तंबूत गेली ती सव्वीस वर्षं बाहेर आली नाही. दर शनिवारी दोनशे माणसांचा रस्सा, भात, मॅकरोनीचं सॅलड. सगळ्या होड्या पाण्यात जायच्या आणि ती डाव हातात धरून किनाऱ्यावरून बघायची. मला एकदा बसू द्या, असं तोंडानं मागायची तिची कधी छाती झाली नाही, पण मनातून ती इच्छा गेली नाही ती नाहीच.

आणि एका महिन्यापूर्वी टूटू मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली होती. शिळा भात मागायला आले म्हणाली, पण भाताकडे बघेना. मापुआना लाकडाच्या लांब डावानं मोठं पातेलं ढवळत होती आणि टूटू तिच्या दंडाकडे बघत होती, घोडा विकत घ्यायला आलेल्या माणसानं बघावं तशी.

"क्लेमेंटला पन्नाशीपुढच्या बायकांत एक कमी पडतेय," टूटू म्हणाली. "तीन नंबरला."

"मला कशाला सांगताय, आई?"

"इतकी वर्षं हेच तर करतेयस तू. फक्त पातेलं मोठं आहे, आणि डाव पाण्यात घालायचाय."

मापुआनानं गॅस बंद केला. दुसऱ्या दिवसापासून दोघी पहाटे देवळातल्या गाण्याच्या सरावाला जाऊ लागल्या. निदान एल्रॉयला तसंच सांगितलं होतं. बायकोला गाता येत नाही हे त्याला लग्नाआधीपासून माहीत होतं, पण देवाच्या कामात आपण कशाला बोला, म्हणून तो गप्प राहिला. मध्येच एकदा दोघी हिलोला कापड आणायला गेल्या, तेव्हा कापड आणलं नाही, टूटूच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून आणला. मे महिन्यात तिला एकाचे दोन बोये का दिसले होते ते तेव्हा कळलं.

टूटू आली ती अर्थात पिवळ्या शर्टातच. सगळ्यांना गालाला गाल लावून झाला, आणि ती टेबलाच्या टोकाला बसून अळूच्या कंदांची पातळ पोई ओरपू लागली. एल्रॉयनं खाकरून सुरुवात केली. बाबांचं नाव, घराण्याचा मान, गावात होणारं हसं, सगळं बोलून झालं. टूटू ऐकत होती आणि खात होती. आई दुरावल्याचं एल्रॉयला खरोखरच मनापासून वाईट वाटत होतं.

"मग सुकाणू देतोस?" टूटूनं विचारलं.

एल्रॉयनं बहिणीकडे बघितलं. रोझेलानीनं ताटाकडे बघितलं. डार्नेलनं सुचवलं की लहान मुलांच्या होडीचं सुकाणू द्यायला काय हरकत आहे, आणि दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो भात आणायला उठला.

"क्लेमेंट देतो," टूटू म्हणाली. "माणूस खडूस आहे, पण देतो."

"क्लेमेंट तुला वापरून घेतोय, आई. आम्हाला खिजवायला."

"घेऊ दे की. वापरायच्या लायकीची आहे असं कुणाला तरी वाटतंय."

वातावरण जरा सैल करावं म्हणून एल्रॉयनं बायकोला रस्सा वाढायला सांगितलं. मापुआना पातेलं घेऊन आली. रोझेलानीच्या ताटात वाढताना हातमोज्यानं डाव निसटू लागला, म्हणून तिनं नकळत उजवा मोजा दातांनी ओढून काढला. रस्सा ताटात पडला आणि रोझेलानीनं तिचं मनगट धरलं.

तळहातावर, बोटांच्या मुळाशी, चार घट्टे ओळीनं उठले होते, आणि अंगठ्याच्या बेचक्यात एक फोड नुकता फुटलेला. रोझेलानीनं आयुष्यभर पोरींचे हात तपासले होते. तिनं दुसरा मोजाही काढला आणि दुसरा हात उलटा करून पाहिला. मग मापुआनाचा दंड चाचपला.

"वहिनी, हे डावाचे घट्टे नाहीत."

टूटूनं पोईत बोट घातलं आणि शांतपणे चाटलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मापुआनानं सांगून टाकलं की आपण पण पिवळ्या क्लबात नाव घातलंय, शनिवारी तीन नंबरला बसणार आहोत, आणि गाण्याचा सराव वगैरे काही नव्हतं.

आईच्या जाण्याचं एवढं दुःख करणारा एल्रॉय, पण या बातमीनं त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो उभा राहिला. काही तरी मोठं, घराण्याच्या मानाला शोभेल असं बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून खरं तेच बाहेर पडलं.

"मग शनिवारी रस्सा कोण करणार?"

डार्नेलनं भाताचं भांडं खाली ठेवलं. त्यालाही परिस्थिती आता कळली.

रोझेलानीची बुद्धी मात्र वेगळीकडे धावत होती. तिनं वहिनीचा दंड अजून सोडला नव्हता. इतका चांगला दंड इतकी वर्षं घरात असून आपल्याला दिसला नाही, याचीच तिला चुटपुट लागली असावी. तिनं खुर्ची ओढून वहिनीला शेजारी बसवलं, स्वतःच्या हातानं तिला वाढलं, आणि आवाजात मध घालून म्हणाली की घरची माणसं असताना परक्यांकडे कशाला, लाल होडीतही तीन नंबर आहे, तिथली बाई नाही तरी गुडघ्यानं बेजार आहे. एल्रॉयनं लगेच बहिणीला गप्प केलं. हिनं होडी ओलांडली होती, जुनी माणसं विसरलेली नाहीत, बाबांच्या होडीत हिला बसवली तर लोक काय म्हणतील?

मापुआनाची मान खाली गेली. तो एक दिवस अजून जिवंत होता तर.

"काही म्हणणार नाहीत," टूटू म्हणाली. "ते त्याच संध्याकाळी निस्तरलं होतं. तुझ्या बापानं समुद्राचं पाणी आणून होडी धुतली, मी प्रार्थना म्हटली, हिच्या वतीनं माफी मागितली. होडीचा राग सकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही."

मापुआनानं मान वर केली. तिला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं.

"मग इतकी वर्षं मी तंबूत का होते, आई?"

टूटूनं पहिल्यांदा खाणं थांबवलं. ती खोटं बोलली असती तर सगळ्यांनी ऐकून घेतलं असतं, मापुआनानंसुद्धा. पण बाई वस्ताद असली तरी तोंडावर विचारल्यावर खोटं बोलायची तिची रीत नव्हती.

"त्या दिवशी दुपारी तू पहिल्यांदा रस्सा केला होतास," ती म्हणाली. "माझ्या हातचं जेवताना यांचा बाप देवाचं नाव घ्यायचा, पण आधी नाही, नंतर, सुटलो म्हणून. त्या दिवशी त्यानं तीनदा मागून घेतलं. मी मनात म्हटलं, हिच्या हातात वल्हं दिलं तर आम्ही खायचं काय?"

डार्नेलला हसू फुटलं आणि मापुआनाच्या चेहऱ्याकडे बघून जिरलंही. तिला संताप आला होता. एवढा संताप तिला या घरात कधी आला नव्हता. खांद्यावरचा तो हात, ते गोड शब्द, त्या शब्दांवर तिनं काढलेली सगळी वर्षं, आणि मुळाशी काय, तर म्हाताऱ्याचं तिसरं ताट! तिला वाटलं, समोरचं पातेलं उचलावं आणि सासूच्या पिवळ्या शर्टावर ओतावं. शर्ट तरी लाल होईल.

रोझेलानीनं ती वेळ बरोबर साधली. बघ वहिनी, म्हणाली, हिच्याबरोबर बसणार तू? आमच्याकडे ये, हिला दाखवून दे. आणि खरंच, मापुआनाचं मन त्या क्षणी लाल होडीकडे झुकलं होतं. सूड म्हणून का होईना, झुकलं होतं. पण तेवढ्यात एल्रॉयला वाटलं, आता आपण मोठं मन दाखवावं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आमच्या होडीत बसू दे तिला. तंबूतलं आटोपलं की, शेवटच्या एखाद्या शर्यतीत."

रोझेलानीनं डोळे मिटून घेतले. टूटूच्या तोंडाच्या कोपऱ्यात काही तरी हललं. तिचं काम एल्रॉयनंच केलं होतं.

मापुआना उठली. तिनं भिंतीवरच्या खिळ्याचा लाकडी डाव काढला, पदराला... नाही, तिच्या अंगात एप्रन होता, त्या एप्रनला नीट पुसला आणि नवऱ्यापुढे टेबलावर ठेवला.

"मांस आदल्या दिवशी आण," ती म्हणाली. "कांदा घाईत परतू नकोस, करपतो." मग सासूकडे वळली. "आणि आई, तुमच्यासाठी येत नाहीये मी. तुमचा हिशेब वेगळा आहे, तो मी माझ्या सवडीनं चुकता करीन. ती जागा मला हवीय म्हणून येतेय."

"तीन नंबरनं कारण सांगायचं नसतं," टूटू म्हणाली. "वेळेवर यायचं असतं."

शनिवारी वारा पडलेला होता आणि खाडी सपाट होती. पिवळ्यांची होडी फायबरची, जुनी, क्लेमेंटनं ठिगळं लावलेली. सहा बायकांनी ती उचलून पाण्यात नेली, तेव्हा मापुआना चांगला मोठा वळसा घालून आपल्या जागेकडे गेली. किनाऱ्यावर कुणीतरी हसलं. हसू दे. शेजारच्याच पट्ट्यात लाल होडी होती, तिच्या सहा नंबरला रोझेलानी, नजर समोर, जबडा आवळलेला. आईकडे तिनं एकदाच पाहिलं, आणि आईनं तिला डोळा मारला.

निशाण पडलं आणि मापुआनाला बाकी काही उरलंच नाही. पुढच्या बाईची पाठ, पाणी, आणि मागून येणारा तो आवाज. घरात तो आवाज तिला सूनबाई म्हणायचा, चिडला की वाइमेआवाली म्हणायचा, पाहुण्यांसमोर आमची मापुआना म्हणायचा. होडीत त्याला नाती माहीत नव्हती.

"तीन! उशीर होतोय! तीन, खोल घाल!"

शिव्याच होत्या त्या, फक्त शिव्या द्यायला मनाई होती म्हणून आकड्यांत दिलेल्या. मापुआनानं वल्हं खोल घातलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि खारं पाणी तोंडावर उडत असल्यामुळे ते कुणाला कळण्याचा प्रश्न नव्हता. वळणावर टूटूनं होडी इतकी जवळून घेतली की होडीला आधार म्हणून बाजूला बांधलेली उलांडी आणि बोया यांच्यामध्ये मांजर गेलं नसतं. पण लागली नाही. रोझेलानीनं सावधपणे लांबचा वळसा घेतला, ती पोरींना शिकवते त्याप्रमाणे, आणि तिथंच अर्धी होडी मागे पडली. शेवटपर्यंत तिनं ती भरून काढायचा प्रयत्न केला. पिवळे चौथे आले, लाल पाचवे. सहा होड्यांत चौथं येऊन कुणी एवढं नाचलेलं होनोपुआच्या किनाऱ्यानं पूर्वी पाहिलं नसेल. क्लेमेंटसुद्धा हसला, आणि त्याचे पुढचे दोन दात कधी पडले ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

बायका वाळूत बसून धापा टाकत होत्या तेव्हा लाल तंबूकडून एल्रॉय येताना दिसला. एप्रनवर डाग, भुवया धुरानं काळवंडलेल्या, हातात कागदाचं ताट. त्याच्या मागे लाल तंबूतली माणसं हळूहळू पांगत सँडविचच्या गाडीकडे निघाली होती. पिवळ्यांच्या सीमेवर तो क्षणभर थांबला. मग आत आला आणि ताट बायकोपुढे धरलं. सकाळभर धुरात उभं राहिल्यावर त्याला काही गोष्टी समजल्या असाव्यात, कारण तो तिच्या हातांच्या घट्ट्यांकडे बघत होता.

मापुआनानं चमचा भरून तोंडात घातला. कांदा करपला होता. मांस चामड्यासारखं होतं, बटाटा आत कच्चा होता, आणि मीठ दोनदा पडलं होतं, एकदा त्याच्याकडून आणि एकदा बहुतेक डार्नेलकडून. तिनं तो घास सावकाश चावला. शेजारी टूटूनं हात लांब करून ताटातलं थोडंसं चाटलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं.

मग मापुआनानं घास गिळला, उठून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाली, "एल्रॉय, तुझ्या हाताला चव आहे. आजपासून तंबू तुझा."